नकाशाखालची जमीन



ह्या व्यासपीठावरून गेले काही दिवस आपण विद्वानांची भाषणे ऐकलीत. आज आपल्यापुढे कामगार संघटनेचा एक साधा कार्यकर्ता उभा आहे, आणि तो बोलणार आहे नकाशांवर. चालकांचे पत्र आले तेव्हा त्यांच्या मनात 'कंत्राटी कामगारांचे प्रश्न' असा विषय होता. मी तो बदलून मागितला. त्यांनी जरा आश्चर्याने होकार दिला. परंतु मी विषय बदलला असे मला स्वतःला वाटत नाही. भाषण संपेपर्यंत आपल्यालाही तसे वाटणार नाही अशी आशा आहे.

माझे शिक्षण दहावी नापास. सतराव्या वर्षी एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो. पुढे जे काही शिकलो ते गावच्या वाचनालयात, रात्रपाळी नसेल त्या संध्याकाळी. म्हणून गणिताच्या बाबतीत माझे काही चुकले तर सभेत बसलेल्या प्राध्यापकमंडळींनी मला मागाहून जरूर टोकावे.

त्या कारखान्यातूनच सुरुवात करतो. आम्ही टाक्या बनवीत असू. टाकीचे मधले अंग म्हणजे नळकांडे. ते पत्रा वाकवून होते, आणि उद्या उलगडले तर पुन्हा सपाट पत्रा मिळतो. पण टाकीचे बूड, ज्याला आम्ही डिश म्हणत असू, ते घुमटासारखे असते. ते पत्रा नुसता वाकवून होत नाही. पत्रा दाबावा लागतो, ठोकून ताणावा लागतो, नाहीतर पाकळ्या कापून जोडाव्या लागतात. आणि एकदा झालेली डिश पुन्हा सपाट करावयाची म्हटली तर कुठेतरी फाटते, कुठेतरी चुणी पडते. हे मला उस्तादाने कान पिळून शिकविले होते. पृथ्वी ही डिश आहे, नळकांडे नव्हे. तिचा सपाट कागद करावयाचा तर कुठे ना कुठे ताणावेच लागते. कुठे ताणावयाचे आणि काय वाचवावयाचे, आकार की क्षेत्रफळ की अंतर, हे ठरविण्याची जी रीत तिला प्रक्षेपण म्हणतात. सगळे एकदम वाचत नाही.

मर्केटर नावाच्या गृहस्थाने १५६९ मध्ये जो नकाशा काढला त्यात त्याने दिशा वाचविली, कारण गिऱ्हाईक दर्यावर्दी होते. क्षेत्रफळ त्याने सोडून दिले. म्हणून त्या नकाशावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. आपण म्हणाल, दर्यावर्दी गेले, आता त्याचे काय? तर आपल्या खिशातल्या फोनवर जे नकाशे सरकतात त्यांपैकी बहुतेकांच्या मुळाशी त्याच मर्केटरचा एक चुलतभाऊ आहे. त्याला 'वेब मर्केटर' म्हणतात. रस्ता शोधण्यास तो उत्तम. पण त्याच्यावर सरळ फूटपट्टी लावून कोणी शेत मोजू लागला तर मुंबईच्या अक्षांशावर लांबी-रुंदी प्रत्येकी पाचसहा टक्क्यांनी फुगते, आणि एक एकराचे, म्हणजे चाळीस गुंठ्यांचे, जवळजवळ पंचेचाळीस गुंठे होतात. उत्तरेकडे जावे तसतशी ही फुगवटी वाढते. पाच गुंठ्यांसाठी आपल्याकडे भाऊ भावाचे तोंड पाहत नाही, हे मी ह्या सभेला सांगावयास नको.

ही झाली प्रक्षेपणाची गोष्ट. हिच्याखाली आणखी एक गोष्ट आहे, आणि माझा सगळा गुंता तिच्यात होता. तिचे नाव डेटम. मराठी पुस्तकांत तिला संदर्भतल म्हणतात. मी सोयीसाठी पाया म्हणेन.

पृथ्वी चेंडूसारखी पुरती गोल नाही, ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. तेव्हा नकाशा काढण्यापूर्वी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. आपण मानलेला हा चपटा गोळा केवढा, आणि तो खऱ्या पृथ्वीला कुठे टेकवावयाचा. हिंदुस्थानात हे काम इंग्रजांच्या सर्वेक्षणाने केले. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ साखळी टाकून पहिली आधाररेषा मोजली, आणि तिथून त्रिकोणामागे त्रिकोण जोडीत तो पुढे निघाला. त्याचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा होता. तो वाहून नेणारे, जंगल तोडणारे, डोंगरमाथ्यावर निशाण धरून तासन्‌तास उभे राहणारे सारे आपले खलाशी होते. लॅम्बटन काम करता करता १८२३ च्या जानेवारीत वारला तो आपल्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला. त्याची कबर तिथे आहे. खलाशांच्या कबरी कुठे आहेत हे कोणत्याच नकाशावर नाही.

त्याच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्ट आला. त्याने १८३० मध्ये ह्या गोळ्याचे माप ठरविले, आणि मध्य प्रदेशातील सिरोंजजवळच्या कल्याणपूर येथे खुंटी मारली. त्या खुंटीशी सारा देश बांधला गेला. त्याच खात्यात राधानाथ सिकदार हा बंगाली तरुण गणिती होता. पंधराव्या क्रमांकाचे शिखर जगात सर्वांत उंच हे ज्याच्या आकडेमोडीतून निघाले असे सांगतात तोच हा. मला मात्र हा माणूस दुसऱ्या एका कारणासाठी जवळचा वाटतो. १८४३ मध्ये डेहराडूनला व्हॅन्सिटार्ट नावाच्या मॅजिस्ट्रेटने सर्वेक्षणाच्या मजुरांना बेकायदा राबविले, तेव्हा सिकदार त्यांच्या बाजूने आडवा उभा राहिला, आणि त्यापायी त्याला दोनशे रुपये दंड झाला. आमच्या संघटनेच्या कचेरीत त्याची तसबीर लावावी असे मी दोनदा सुचविले आहे. अजून लागलेली नाही.

असो. एव्हरेस्टचा गोळा हिंदुस्थानच्या तुकड्यावर छान बसत होता. सगळ्या जगावर बसविण्याची त्याची प्रतिज्ञाच नव्हती. पुढे उपग्रह आले. उपग्रह पृथ्वीच्या मध्याभोवती फिरतो, त्याला कल्याणपूरची खुंटी ठाऊक नाही. त्याच्यासाठी सगळ्या जगाचा मिळून एक पाया ठरला, त्याचे नाव डब्ल्यूजीएस ८४. त्यातल्या गोळ्याची विषुववृत्तावरची त्रिज्या ६३७८१३७ मीटर. एव्हरेस्टच्या गोळ्याची त्याहून साडेआठशे मीटरांच्या आसपास कमी. शिवाय दोन्ही गोळ्यांचे मध्यही एका ठिकाणी नाहीत. परिणाम असा की एकाच विहिरीचे अक्षांश-रेखांश ह्या पायावर एक आणि त्या पायावर दुसरे. विहीर तिथेच. आपल्या पश्चिम महाराष्ट्रात हा फरक जमिनीवर शंभर ते दीडशे मीटर भरतो. इंग्लंडात ग्रीनिचच्या वेधशाळेत जमिनीवर शून्य रेखांशाची पट्टी आहे. तिच्यावर उभे राहून उपग्रहाचे यंत्र पाहिले तर शून्य तिथे येत नाही. ते येते सुमारे १०२ मीटर पूर्वेला. खुद्द शून्याचीच ही कथा!

आपल्या देशाने २००५ मध्ये राष्ट्रीय नकाशा धोरण जाहीर केले, आणि सर्वसामान्यांसाठीचे नकाशे डब्ल्यूजीएस ८४ वर, यूटीएम नावाच्या प्रक्षेपणात काढण्याचे ठरविले. त्याआधीची शीटे एव्हरेस्टच्या पायावर आणि पॉलीकॉनिक प्रक्षेपणात होती. म्हणजे एका धोरणाने पाया आणि प्रक्षेपण दोन्ही बदलली. धोरण योग्यच होते. परंतु कचेऱ्यांच्या कपाटांतील जुने कागद त्या दिवशी काही आपोआप बदलले नाहीत.

आता माझ्या हकिकतीकडे येतो. साल २०१३. आमच्या भागातील एका पाणीपुरवठा योजनेची जुनी मुख्य नळवाहिनी, नदीवरच्या जॅकवेलपासून शुद्धीकरण केंद्रापर्यंत, शेतांमधून गेलेली. काम एका कंत्राटदाराकडे होते. त्याचे नाव मी घेणार नाही, योजनेचेही नाही. त्याच्याकडे आमच्या संघटनेचे अकरा खोदाई कामगार आणि एक मुकादम. मुकादमाला सगळे तात्या म्हणत, मीही म्हणे. वय साठीला टेकलेले. कंत्राटदाराने त्यांच्या हाती एक यादी दिली: सतरा बिंदू, प्रत्येकाचे अक्षांश-रेखांश. आणि एक हातातले जीपीएस यंत्र. 'यंत्र जिथे सांगेल तिथे खणा, वाहिनी उघडी करा, नवे व्हॉल्व्ह बसवावयाचे आहेत,' असा हुकूम.

पहिल्याच बिंदूवर तात्या म्हणाला, "इथं पाइप न्हाई. पाइप त्या वरच्या बांधाकडनं गेलाय. माझ्या बापानं चर काढलीय त्याची." साइटवरचा पोरगेला सुपरवायझर म्हणाला, यादीप्रमाणे करा. त्यांनी केले. नऊ दिवस खणले, तीन ठिकाणी, उभ्या उसात. पाइप लागला नाही. शेतकऱ्याने नुकसानभरपाई मागितली, आणि ती मागणी रास्त होती. कंत्राटदाराने ती भरपाई अकरा जणांच्या मजुरीतून कापली, नऊ दिवसांचा पगार रोखला, आणि 'चुकीच्या जागी खोदकाम केले' असा ठपका ठेवून तात्याला कामावरून काढून टाकले.

प्रकरण माझ्याकडे आले तेव्हा मला डेटम हा शब्दही ठाऊक नव्हता. मला ठाऊक होते एवढेच की तात्या जिथे पाइप आहे म्हणतो तिथे पाइप असणार. पण अधिकाऱ्यासमोर हे चालत नाही. एका रविवारी मी आणि तात्या ते यंत्र घेऊन निघालो. सतरापैकी आठ बिंदू असे होते की जमिनीवर डोळ्यांनी दिसावेत: ओढ्यावरचा पूल, जुना वॉशआउट, देवळामागचे चेंबर, अशा वस्तू. आम्ही प्रत्येकाजवळ जाऊन उभे राहिलो, यंत्रातला आकडा लिहिला, यादीतला आकडा शेजारी लिहिला. मग यादीतला आकडा यंत्रात येईपर्यंत चालत गेलो आणि पावले मोजली. पहिल्या जागी यादीचा बिंदू खऱ्या जागेच्या आग्नेयेला निघाला, सुमारे दीडशे मीटर. दुसऱ्या जागी आग्नेयेला, तेवढाच. तिसऱ्या जागी तसेच. आठही जागी तसेच!

पुलाच्या कठड्यावर बसून आम्ही भाकरी खाल्ली तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला. आळसाने, घाईने, दारूने माणूस चुकतो तेव्हा त्याची चूक विखुरते. एकदा इकडे, एकदा तिकडे, कधी चार हात, कधी चाळीस. वीस वर्षे खात्यांतर्गत चौकशांत बसून ही गोष्ट मी शिकलो आहे. आठ ठिकाणी एकाच दिशेला आणि एकाच अंतराने होणारी चूक खोऱ्याची असू शकत नाही. ती कागदातून आलेली असते.

कागद कुठे तयार झाला हे शोधीत मी शहरातल्या एका कचेरीत पोहोचलो. तिथे पंधरावीस मुलेमुली संगणकावर जुने नकाशे गिरवीत बसत. तीही कंत्राटीच, पगार नगावर, म्हणजे जेवढ्या रेघा गिरवाल तेवढे पैसे. त्यांतली एक मुलगी आमच्याच एका गिरणी कामगाराची नात. तिला मी बाहेर चहाच्या टपरीवर ते आठ बिंदूंचे आकडे दाखविले. तिने कागद पाहिला आणि म्हणाली, "काका, हे डेटमचं दिसतंय." आणि मग तिचा चेहरा उतरला.

पुढचे चार रविवार तिने मला शिकविले, तिच्या मामाच्या लॅपटॉपवर, क्यूजीआयएस नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. त्यातले मुख्य तेवढे सांगतो, कारण ज्या कोणाची मुले हे काम करतात त्यांनी घरी जाऊन त्यांना विचारावे.

ह्या सॉफ्टवेअरमध्ये 'पाया बदल' किंवा 'प्रक्षेपण बदल' म्हणून जे केले जाते ती खरे पाहता तीन निरनिराळी कामे आहेत, आणि तिन्हींची बटणे एकमेकांशेजारी आहेत. सबंध प्रकल्पाचे प्रक्षेपण बदलले तर फक्त दिसणे बदलते. आत साठविलेले आकडे तसेच राहतात. हे निर्धोक. दुसरे काम म्हणजे एखाद्या थरावरची चिठ्ठी बदलणे. आकडे तेच, पण 'हे एव्हरेस्टचे' असे लिहिले होते तिथे 'हे डब्ल्यूजीएसचे' असे लिहावयाचे. तिसरे काम म्हणजे खरोखर रूपांतर: प्रत्येक बिंदूचा आकडा गणित करून एका पायावरून दुसऱ्या पायावर नेणे, आणि नवी फाइल करणे. घोटाळा होतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्यात. चिठ्ठी बदलण्याचे काम क्षणात होते, संगणक तक्रार करीत नाही, आणि वरच्या साहेबाला वाटते की बदल झाला.

आम्हा संघटनावाल्यांना ही युक्ती अपरिचित नाही. दहा वर्षे मशिनवर उभ्या असलेल्या माणसाच्या कार्डावर 'हेल्पर' खोडून 'शिकाऊ' लिहितात. माणूस तोच, काम तेच, फक्त चिठ्ठी बदलली. न्यायालयात आम्ही वर्षानुवर्षे हेच सांगत आलो आहोत. संगणकातही हेच चालते हे पाहून मला, खरे सांगतो, थोडेसे घरच्यासारखे वाटले.

ह्या प्रकरणी झाले होते ते असे. खात्याच्या जुन्या शीटांच्या कोपऱ्यांवर अक्षांश-रेखांश छापलेले होते, ते सर्वेक्षणाच्या नकाशांवरून घेतलेले, म्हणजे एव्हरेस्टच्या पायावरचे. ते कोपरे संगणकात भरले. मग संगणकाने विचारले, हे आकडे कोणत्या पायावरचे? तिने योग्य तेच भरले होते. काम अर्ध्यावर आले असता वरून हुकूम आला की सगळे डब्ल्यूजीएस ८४ मध्ये हवे. तिने विचारले, कसे करू? उत्तर आले, सेटिंग बदला. तिने सेटिंग बदलली. एका बटणात सारी नळवाहिनी, पूल, देऊळ आणि चेंबरांसकट दीडशे मीटर आग्नेयेला सरकली.

बरे, तिने रूपांतर करावयाचे ठरविले असते तरी सोपे नव्हते. सॉफ्टवेअरच्या यादीत कल्याणपूर ह्या नावाच्या चार नोंदी आहेत: १८८०, १९३७, १९६२ आणि १९७५. मूळ मोजणी फुटांत झाली होती, आणि फुटांचे मीटर करताना निरनिराळे गुणक वापरले गेले. म्हणून त्याच एव्हरेस्टच्या गोळ्याची त्रिज्या १९३७ च्या नोंदीत ६३७७२७६ मीटर, १९६२ च्या नोंदीत ६३७७३०१ आणि १९७५ च्या नोंदीत ६३७७२९९ मीटर आहे. कोणती घ्यावी हे सांगणारा माणूस शेजारी पाहिजे. नगावर पगार असलेल्या मुलीच्या शेजारी तो नसतो. आणि यूटीएममध्ये तर आपल्या महाराष्ट्राचे दोन तुकडे होतात. ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेचा भाग ४३ व्या पट्ट्यात, पूर्वेचा ४४ व्या. अमरावती एका पट्ट्यात, नागपूर दुसऱ्यात. पट्ट्याची चिठ्ठी चुकली तर विदर्भातले गाव शेकडो किलोमीटर सरकते. तिथे चूक एवढी ढळढळीत असते की कोणीही पकडतो. दीडशे मीटरांची चूक मात्र पडद्यावर दिसत नाही. ती उसाच्या शेतात दिसते.

आता माझी अडचण पाहा. तात्याला वाचविण्यास लागणारा पुरावा माझ्या हातात होता. पण त्या फाइलीच्या माहितीत, कोणी केव्हा बदल केला त्या जागी, तिचे नाव होते. तो कागद मी अधिकाऱ्यापुढे ठेवला असता तर तात्यावरचा ठपका उचलून त्या मुलीच्या कपाळी लागला असता, आणि कंत्राटदाराला तेच हवे होते. त्याला कोणीतरी एक कामगार दोषी पाहिजे होता. कोणता, ह्याविषयी त्याचा आग्रह नव्हता.

आमच्या कमिटीत ह्यावर दोन बैठका झाल्या. काही सहकारी म्हणाले, ती आपली सभासद नाही, आपले अकरा लोक उपाशी आहेत. त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. उपाशी माणसाला तत्त्व सांगणे सोपे असते. दुसऱ्या बैठकीला तात्या स्वतः आला होता, कोपऱ्यात बसला होता. शेवटी एवढेच म्हणाला, "भाऊ, पोरीचं नाव नगं." बैठक तिथे संपली.

मग लांबचा रस्ता धरला. माहितीच्या अधिकारात योजनेची निविदा आणि करारपत्र मागविले. ते हाती यायला तीन महिने लागले. मी ते दोनदा वाचले. त्यात नकाशावरच्या नळवाहिनीची रेघ निळी असावी असे लिहिले होते. कागद कोणत्या प्रतीचा, बांधणी कशी, किती प्रती द्यावयाच्या, सगळे होते. जुने नकाशे कोणत्या पायावरचे आहेत, नवे कोणत्या पायावर हवेत, रूपांतर कोणत्या रीतीने करावयाचे, आणि ते बरोबर झाले की नाही हे जमिनीवर जाऊन कोणी तपासावयाचे, ह्याबद्दल सबंध करारात एक ओळ नव्हती. आणि त्याच करारात एक कलम असे होते की दिलेल्या आकड्यांशी फारकत घेऊन खोदकाम केल्यास मजुरांच्या टोळीला जबाबदार धरले जाईल. म्हणजे तात्याने आपल्या बापाच्या चरीवर विश्वास ठेवला असता तरी तो दोषी, आणि यादीवर ठेवला तरी दोषी.

सुनावणीत समोरचे वकील म्हणाले, यंत्र चुकत नाही, माणूस चुकतो. मी आमच्या आठ बिंदूंचा तक्ता पुढे केला आणि विचारले, अकरा माणसे मिळून आठ ठिकाणी एकाच दिशेला, एकाच अंतराने कशी चुकतील ते सांगा. मग मी जपानची गोष्ट सांगितली. जपानने २००२ च्या एप्रिलमध्ये आपला जुना टोकियो डेटम सोडून जागतिक पाया स्वीकारला, तेव्हा टोकियोचे आकडे सुमारे साडेचारशे मीटरांनी सरकले. त्यांनी कायदा बदलला, तारीख ठरविली, लोकांना सांगितले. कोणा मजुराचा पगार कापला नाही. आणि सांगितली लाउफेनबुर्गच्या पुलाची गोष्ट. ऱ्हाइन नदीवर, जर्मनी आणि स्वित्झर्लंड ह्यांच्या मध्ये. दोन्ही देश समुद्रसपाटी मोजतात निरनिराळ्या समुद्रांवरून, त्यामुळे उंचीत २७ सेंटिमीटरांचा फरक पडतो. हा फरक इंजिनियरांना ठाऊक होता, त्यांनी तो हिशेबात धरलाही, पण अधिक-उण्याच्या खुणेत चूक झाली, आणि २००३ मध्ये दोन बाजूंमधला फरक नाहीसा होण्याऐवजी ५४ सेंटिमीटर झाला. जर्मन आणि स्विस इंजिनियर जिथे फसतात तिथे आमच्या तात्याला गुन्हेगार का धरता, एवढेच माझे म्हणणे होते.

निकाल आठ महिन्यांनी लागला. नऊ दिवसांचा पगार आणि कापलेली भरपाई परत मिळाली. तात्याला कामावर घेण्याचा प्रश्न मात्र निकालात निघालाच नाही, कारण तोपर्यंत कंत्राटाची मुदत संपली होती, आणि ज्या कामावर घ्यावयाचे ते कामच उरले नव्हते. तो एका गोदामावर रात्रीचा राखणदार झाला. त्या मुलीने काही महिन्यांनी ती कचेरी सोडली.

तेव्हापासून आमच्या संघटनेने जिथे जिथे खोदाईचे काम नकाशाच्या आकड्यांवर चालते तिथे काही मागण्या लावून धरल्या आहेत. प्रकल्पाच्या मध्येच पाया किंवा प्रक्षेपण बदलावयाचे असेल तर मूळ फाइलीला हात लावू नये. ती कुलपात ठेवून तिची नक्कल रूपांतरित करावी. जुन्या आणि नव्या पायाचा क्रमांक, आणि कोणत्या गुणकांनी रूपांतर केले ते, कागदावर लिहून त्यावर हुकूम देणाऱ्याची सही असावी, बटण दाबणाऱ्याची नव्हे. आणि खोदण्यापूर्वी जमिनीवरचे निदान पाचसहा पक्के बिंदू, पूल, देवळाचा चौथरा, जुना दगड, असे प्रत्यक्ष चालून ताडून पाहावेत, आणि ते ताडण्याची मजुरी मिळावी. शेवटच्या मागणीवर दोन ठिकाणी आम्ही यश मिळविले. पहिल्या दोन अजून कागदावरच आहेत.

हे सॉफ्टवेअर चालविणारे लोकही काही झोपलेले नाहीत, हे सांगितले पाहिजे. जगभरच्या नकाशांच्या सॉफ्टवेअरच्या बुडाशी हे रूपांतराचे गणित करणारी एक लहानशी आज्ञावली आहे, तिचे नाव प्रोज. तिला मूठभर माणसे सांभाळतात. जुन्या पद्धतीत तिच्या रूपांतरात काही मीटरांची चूक राहत असे. २०१८ मध्ये ती सुधारण्यासाठी चक्क वर्गणी काढली गेली, आणि २०१९ मध्ये सुधारलेली आवृत्ती आली. आता खात्रीचे गुणक नसतील तर ढोबळ अंदाजाने काम चालले आहे हे आज्ञावली निदान लपवीत नाही. वर्गणीने चालणारी गोष्ट पाहिली की माझ्यासारख्याचा ऊर भरून येतो. पण इशारा वाचावयाला नगावर राबणाऱ्या माणसाजवळ वेळ असला पाहिजे, हेही तितकेच खरे.

आणि हा बदल एकदा होऊन संपणाराही नाही. जमीनच सरकते आहे. आपला भारताचा तुकडा वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे जातो. ऑस्ट्रेलियाचा त्याहून वेगाने, सात सेंटिमीटर. म्हणून त्यांनी १९९४ चा पाया टाकून २०२० चा घेतला, तेव्हा साऱ्या देशाचे आकडे १.८ मीटरांनी बदलले. आता आपल्याकडे ड्रोनने गावठाणे मोजली गेली आहेत. स्वामित्व योजना २०२० मध्ये सुरू झाली. मोजणीचे यंत्र आता दोनचार सेंटिमीटरांपर्यंत बोलते. पण ज्या गावनकाशावर ते बोलणे नेऊन ठेवावयाचे तो बाप-आज्यांनी ३३ फुटी साखळीने आणि प्लेन टेबलवर काढलेला. दोघांचा पाया एक नाही. त्या सांध्यावर उद्या बांधांची भांडणे होणार आहेत, आणि तेव्हाही कोणीतरी म्हणणार आहे की यंत्र चुकत नाही.

माझी वेळ संपत आली असे अध्यक्षमहाराज घड्याळाकडे पाहून सुचवीत आहेत. एक वस्तू मी बरोबर आणली आहे. आमच्या त्या आठ बिंदूंचा तक्ता, तात्याच्या हातचा. अक्षर मोठे आहे आणि कागदाला भाकरीच्या तेलाचा डाग आहे. मागच्या बाजूला त्या मुलीने पेन्सिलीने जुन्या आणि नव्या पायाचे क्रमांक आणि मधला बाण काढून दिला होता, तोही अजून दिसतो. ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी सभा संपल्यावर पुढे यावे. फक्त पेन्सिलीवर बोट फिरवू नये, पुसट झाली आहे.